गंगापूर रोडच्या टोकाला काय आहे?

दोस्तांनो, सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या अशोक स्तंभापासून सायकल काढा आणि गंगापूर रोडने सरळ पश्चिमेला निघा. केटीएचएम कॉलेज गेलं, जेहान सर्कल गेलं, आनंदवल्ली आली. पुढे सोमेश्वर. (इथे भाजलेलं कणीस खायला थांबलात तरी चालेल!) मग गंगापूर गाव आणि शेवटी धरण. वाटेत उंच उंच इमारती दिसतील. आजोबांना विचारा, ते म्हणतील, "अरे, इथे सगळे मळे होते!"

१९९१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या साडेसहा लाख होती. २०११ मध्ये ती जवळजवळ पंधरा लाख झाली. म्हणजे वीस वर्षांत दुपटीहून जास्त! गंमत बघा, नाशिकला ना समुद्र, ना बंदर, ना राजधानीचा मान. मग एवढी माणसं इथे आली कशाला?

पूर्वी गाव चालायचं ते यात्रेकरूंवर आणि तांबट आळीतल्या भांड्यांवर. मग १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना आला. तोवर आपली टपाल तिकिटं इंग्लंडहून छापून यायची, ती इथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटाही. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. इथेच मिग विमानं तयार झाली. सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या. गाड्या, सुटे भाग, विजेची यंत्रं असं काय काय तिथे बनू लागलं. शिवाय आसपास द्राक्षं आणि कांदा आहेच.

आता सोलापूरकडे बघा. तेही समुद्रापासून लांबचंच शहर. १८७७ साली तिथे कापडाची पहिली मोठी गिरणी निघाली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणत. भोंगा झाला की अख्खं गाव कामाला! पण पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि हजारो घरांतली चूल अडली. चादरी आणि टॉवेलांच्या यंत्रमागांनी गावाला सावरलं खरं, तरी शिकलेली मुलं पुण्याची गाडी पकडतातच. सोलापूरची माणसं काही कमी कष्टाळू नव्हती, बरं का. गावाचा सगळा भार एकाच धंद्यावर होता, एवढंच.

म्हणून नाशिककरांनीही फार ऐट करू नये, असं मला वाटतं. ओझरला सुखोई विमानांचं काम कमी होत गेलं, तेव्हा तिथल्या कामगारांनाही काळजी लागली होती. १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे जुळणी केलेलं पहिलं 'तेजस मार्क-१ ए' आकाशात झेपावलं, तेव्हा पुष्कळांचा जीव भांड्यात पडला.

पण धंदे कितीही आणले तरी पाणी हवंच ना? चला, आपण पुन्हा धरणावर जाऊ. गोदावरीवरचं हे मातीचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. तुमच्या नळाचं बरंचसं पाणी इथूनच येतं. पण त्र्यंबकच्या डोंगरांवरून पावसाबरोबर माती वाहत येते, संथ पाण्यात तळाला बसते आणि गाळ वाढत जातो. धरणाची मूळ साठवण सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट होती, ती आता ५६३० च्या आसपास उरली आहे. म्हणजे शहर वाढतंय आणि त्याचा माठ लहान होतोय!

आणि हा माठ एकट्या नाशिकचा नाही. खाली पैठणला जायकवाडी धरण आहे, मराठवाड्याची तहान त्यावर भागते. २००५ च्या कायद्याने नदीच्या पाण्याचं समन्यायी वाटप करायचं ठरलं आहे. म्हणून तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. मग मोर्चे निघतात आणि प्रकरण कोर्टात जातं. नाशिकच्या शेतकऱ्याचंही खरं आणि पैठणच्या शेतकऱ्याचंही खरं. तुम्ही न्यायाधीश असतात तर काय केलं असतंत? घरी आई-बाबांशी वाद घालून बघा.

भर पावसाळ्यात मात्र भांडण नसतं. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं नाशिक गोदाघाटावर धावतं. तिथे दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पूर मोजायची इथली जुनी रीत आहे. तेच पाणी पुढे नांदूरमधमेश्वरवरून पैठणच्या वाटेला लागतं.