इंग्रजी वाचनाकलनाचे मापन, चीनमधील

चीनमधील उच्च माध्यमिक शाळांत (इयत्ता दहावी ते बारावी) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी मजकुराचा अर्थ कितपत कळतो, हे ठरविण्याच्या परीक्षापद्धती. वर्गातील घटक-चाचण्यांपासून सराव परीक्षांपर्यंत त्यांचे अनेक प्रकार असले, तरी त्या साऱ्यांचे वळण ‘गाओखाओ’ ह्या विद्यापीठ-प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेने ठरते. २०२४ मध्ये ह्या परीक्षेसाठी सु. १ कोटी ३४ लक्ष उमेदवारांनी नावे नोंदविली. बहुतेक प्रांतांत परीक्षेच्या एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच व स्पॅनिश ह्या भाषाही घेता येतात. तथापि बहुसंख्य उमेदवार इंग्रजीच घेतात. सुधारित इंग्रजी प्रश्नपत्रिकेत वाचनाला ५० गुण, म्हणजे एक-तृतीयांश वाटा आहे. एकेका गुणावर प्रवेश अवलंबून असल्याने, मोजले जाते ते खरोखर आकलन आहे की आणखी काही, हा प्रश्न तेथे केवळ शास्त्रीय राहत नाही.

सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी, १९६६ मध्ये, बंद पडलेली प्रवेश परीक्षा डिसेंबर १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी परकीय भाषेची परीक्षा भाषाविषयक अभ्यासक्रमांना जाऊ इच्छिणाऱ्यांपुरतीच होती. पुढील वर्षी ती सर्वांसाठी ठेवण्यात आली, पण तिचे गुण केवळ संदर्भापुरते पाहिले जात. त्यांचा हिस्सा क्रमाक्रमाने वाढवून १९८३ पासून ते पूर्णपणे धरले जाऊ लागले. आरंभीच्या प्रश्नपत्रिकांत व्याकरण व भाषांतर यांवर भर असे. १९८५ मध्ये ग्वांगडाँग प्रांतात प्रमाणित इंग्रजी प्रवेश-चाचणीचा प्रयोग सुरू झाला. ग्वांगजौ येथील परकीय भाषा संस्थेतील ग्वेइ शृछुन (१९३०–२०१७) व ली श्याओज्यू हे तिचे प्रमुख रचनाकार. भाषेविषयीच्या ज्ञानाऐवजी भाषेचा वापर तपासावा, म्हणजे शाळांतील अध्यापनही त्या दिशेने वळेल, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राने तपासता येणारे बहुपर्यायी प्रश्न व वाचनाला मिळालेले मोठे स्थान ही ह्या चाचणीची वैशिष्ट्ये पुढे देशभर रूढ झाली.

सध्याच्या सुधारित प्रश्नपत्रिकेत प्रथम चार उतारे असतात. पहिला बहुधा सूचनापत्रक, जाहिरात वा वेळापत्रक यांसारखा व्यावहारिक, त्यानंतर एखादा कथनपर व शेवटचे दोन विवेचक असतात. त्यांवरील १५ प्रश्नांना प्रत्येकी चार पर्याय व अडीच गुण असतात. तपशील शोधणे, संदर्भावरून शब्दाचा अर्थ ओळखणे, मजकुरात उघड न सांगितलेली गोष्ट अनुमानाने काढणे, लेखकाचा हेतू वा दृष्टिकोन जाणणे आणि मथळा निवडणे हे प्रश्नांचे नेहमीचे प्रकार होत. त्यानंतरच्या उताऱ्यातील पाच वाक्ये गाळलेली असतात व दिलेल्या सातांतून ती निवडून योग्य जागी बसवावयाची असतात. ह्या पाच जागांनाही प्रत्येकी अडीच गुण आहेत.

ह्या रचनेत अंदाजाला किती वाव आहे, हे साध्या गणिताने दिसते. उतारे न वाचता डोळे मिटून उत्तरे दिली, तरी १५ प्रश्नांपैकी सरासरी पावणेचार उत्तरे बरोबर येतील व ३७·५ पैकी सु. ९·४ गुण पदरी पडतील. वाक्ये बसविण्याच्या प्रश्नात अंदाज सहसा साधत नाही. मात्र तेथे दुसराच दोष उद्‌भवतो. एक वाक्य चुकीच्या जागी गेले, की ते योग्य जागेसाठी उरत नाही आणि एका चुकीचे गुण दोनदा कापले जातात.

अधिक मूलभूत प्रश्न चाचणीच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाते की नाही, याचा आहे. परकीय भाषेतील वाचन ही वाचनाची समस्या आहे की भाषेची, असा प्रश्न ब्रिटिश परीक्षाशास्त्रज्ञ चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ मध्ये उपस्थित केला होता. मातृभाषेत उत्तम वाचणारा विद्यार्थी परकीय भाषेत अडखळतो, तो बहुधा त्या भाषेचे किमान ज्ञान हाती नसल्यामुळे, असे त्यानंतरच्या बऱ्याच संशोधनातून दिसून आले. शब्दसंग्रहाचे गणित येथे उद्‌बोधक ठरते. पॉल नेशन व त्यांच्या सहकारी संशोधकाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मजकुराचे स्वतंत्रपणे पुरेसे आकलन होण्यास त्यातील सु. ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात. ३०० शब्दांच्या उताऱ्यात सहा शब्द अपरिचित असल्यास वाचन निभावते; पंधरा झाल्यास (म्हणजे ९५ टक्केच परिचित असल्यास) बहुतेकांचा धागा तुटतो. चीनमध्ये ह्या परीक्षेसाठी दीर्घकाळ सु. ३,५०० शब्दांची यादी प्रमाण मानली गेली आणि यादीबाहेरील काही शब्दांचे चिनी अर्थ उताऱ्यातच कंसात देण्याची प्रथा पडली. यादी पाठ करण्याची चिकाटी व वाचनाची समज एकाच गुणांकात मिसळतात, ती अशी.

वाक्यरचनेची अडचण मराठी वाचकाला सहज उमगेल. ‘काल बाजारात भेटलेला माणूस’ असे मराठीत म्हणतात, म्हणजे सारे विशेषण नामाच्या आधी येते. चिनी भाषेतही तसेच आहे. इंग्रजीत मात्र नाम आधी येते आणि त्याचे वर्णन करणारे उपवाक्य मागाहून जोडले जाते. अशी दोन-तीन उपवाक्ये एकात एक गुंतली, की शब्द ओळखीचे असूनही कोणी काय केले हे चिनी विद्यार्थ्याला चटकन लागत नाही. शिवाय चिनी क्रियापदे काळानुसार रूप बदलत नाहीत. त्यामुळे इंग्रजीतील काळाच्या सूक्ष्म खुणा नजरेतून निसटतात. तिबेटी वा उईघुर भाषिक विद्यार्थ्याला तर इंग्रजी ही चिनीनंतरची तिसरी भाषा ठरते.

दोन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण तुल्य कसे मानावयाचे, हा प्रश्न झेजियांग प्रांतात तीव्रतेने पुढे आला. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणेनुसार तेथे व शांघायमध्ये परकीय भाषेची परीक्षा दोनदा देऊन अधिक असलेले गुण ग्राह्य धरण्याची सवलत मिळाली. एका परीक्षेचा ताण हलका करणे हा तिचा हेतू होता. परंतु दोन्ही वेळच्या उताऱ्यांची काठिण्यपातळी सारखी असेल, तरच ही सवलत न्याय्य ठरते. अन्यत्र काही मोठ्या चाचण्यांत प्रश्न आधी वापरून पाहतात व काही समान प्रश्नांच्या आधारे गुण तुल्य करतात. गाओखाओच्या गुप्ततेत ह्या गोष्टींना फारसा वाव नाही. प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना परीक्षा होईपर्यंत बाहेरच्या जगापासून अलग ठेवले जाते. नोव्हेंबर २०१८ ची प्रश्नपत्रिका अपेक्षेहून अवघड गेल्याचे आढळल्यावर झेजियांगच्या परीक्षा-अधिकाऱ्यांनी वाचनाकलन व लेखन ह्या विभागांतील काही प्रश्नांच्या गुणांना भारांक लावले. ही पद्धत आधी जाहीर झालेली नव्हती. अवघड प्रश्न स्वकष्टाने सोडविणाऱ्यांची आघाडी त्यामुळे कमी झाली, अशी ओरड पालकांनी व विद्यार्थ्यांनी केली. प्रांतिक शासनाने चौकशी करून ५ डिसेंबर रोजी तो निर्णय गंभीर चुकीचा ठरविला, भारांकित गुण रद्द केले व मूळ गुण कायम केले. कच्चे गुण अन्यायकारक असल्याची शंका होती, पण ते कोणालाही मोजून पाहता येत होते. भारांकित गुणांविषयी तसे नव्हते.

अध्यापनावर चाचणीचा जो उलटा प्रभाव पडतो, तो रचनाकारांच्या अपेक्षेप्रमाणे पडला नाही. ची लूश्या यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, परीक्षा घडविणाऱ्यांना भाषेचा वापर वाढावयास हवा होता, तर शिक्षक व विद्यार्थ्यांचे लक्ष गुणांवर होते, असे दाखविले आहे. निवडीचे साधन व अध्यापन-सुधारणेचे साधन ही दोन कामे एकाच चाचणीकडून करवून घेता आली नाहीत. वर्गात उताऱ्याआधी प्रश्न वाचावा, प्रश्नातील खुणेचा शब्द उताऱ्यात शोधावा, टोकाचे विधान करणारा पर्याय वगळावा, अशा युक्त्या शिकविल्या जातात. त्यांनी उत्तर मिळते. मात्र उतारा अखंड वाचण्याचे कारण उरत नाही.

ह्या युक्त्यांना आवर घालण्याच्या हेतूने वाचन व लेखन जोडणारा प्रश्न झेजियांगमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रथम आला व पुढे सुधारित राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत रूढ झाला. त्यात अपूर्ण राहिलेली गोष्ट वाचून, दिलेल्या दोन आरंभ-वाक्यांपासून ती सु. १५० शब्दांत पुरी करावयाची असते. त्याला २५ गुण आहेत. गोष्टीतील पात्रे, प्रसंग व सूर कळल्याखेरीज सुसंगत शेवट लिहिता येत नाही, हे त्याचे बलस्थान होय. मात्र येथे यंत्राऐवजी माणूस परीक्षक असतो व त्याच्या तपासणीत फरक पडू शकतो. सूर्यास्त, अश्रू व आलिंगने यांची तयार वाक्ये पाठ करून कोणत्याही गोष्टीला जोडण्याचा सरावही शिकवणी-वर्गांत लवकरच सुरू झाला.