डोंबिवलीची ‘गाडी’ आणि पुण्याची ‘गाडी’ वेगळी का असते?

‘गाडी आली का?’ हा प्रश्न डोंबिवलीत विचारला, तर समोरचा माणूस इंडिकेटरकडे बघून उत्तर देतो. पुण्यात विचारला, तर तो सर्व्हिसिंगला टाकलेल्या स्कूटरबद्दल बोलू लागेल. गावाकडे एखाद्या शेतात विचारला, तर अजूनही बैलगाडी डोळ्यांसमोर येऊ शकते. भाषा मराठीच, शब्दही तोच, पण वाहन मात्र तिन्हीकडे वेगळं.

याचं कारण सोपं आहे. ज्या गावाचं रोजचं जगणं ज्या वाहनावर चालतं, तिथे ‘गाडी’ हा शब्द त्याच वाहनाला चिकटतो. बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे ठाण्यात पोचली 16 एप्रिल 1853 ला. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रूळ कल्याणला भिडले. तेव्हा तिला ‘आगगाडी’ म्हणत. वाफेची इंजिनं गेली तशी त्यातली आग गेली, गाडी उरली. ‘8:12 ची गाडी चुकली’ या वाक्यात कुठली गाडी, हे डोंबिवलीत कुणी विचारत नाही.

फक्त मराठीतच असं होतं असं नाही. स्पॅनिश भाषेत ‘कार्रो’ म्हणजे स्पेनमध्ये जनावरानं ओढायची गाडी, पण मेक्सिको किंवा कोलंबियात मोटारकार. ‘कामिऑन’ स्पेनमध्ये ट्रक, मेक्सिकोत बस. आणि ‘ग्वाग्वा’ क्युबात बस, तर चिलीत चक्क तान्हं बाळ! तिथल्या लोकांना यावर विनोद करायला फार कष्ट पडत नसणार.

आपल्याकडे मात्र हा घोळ कधी कधी खिशाला लागतो. रात्री सामान घेऊन डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेर पडलेल्या नव्या माणसाला रिक्षावाला विचारतो, ‘स्पेशल जायचं का?’ ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी खास सोय दिसते. प्रत्यक्षात ‘स्पेशल’ म्हणजे अख्खी रिक्षा तुमची, आणि सगळ्या सीटांचे पैसेही तुमचेच. इथे बहुतेक प्रवास शेअर रिक्षानं होतो आणि ‘सीट’ म्हणजे माणूस: ‘दोन सीट झाल्या, एक पाहिजे’. ठाण्यात मीटरची सवय असलेला माणूस इथे ‘मीटरनं येणार का?’ असं विचारतो तेव्हा तो नवा आहे हे लगेच कळतं. म्हणून ‘स्पेशल’ला हो म्हणण्याआधी आकडा विचारून घ्यावा, लाजू नये. तोच ‘स्पेशल’ रेल्वेत ‘लेडीज स्पेशल’ होतो, तेव्हा त्याचा अर्थ संपूर्ण गाडी महिलांसाठी.

‘चौथी सीट’ तर एकाच गावात दोन अर्थांनी फिरते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर कडेला टेकायला मिळालेली जागा ती चौथी सीट. ‘जरा सरकता का?’ म्हटलं की मिळते, आणि कल्याणपासून उभं असलेल्याला ती सोन्यासारखी वाटते. रिक्षात मात्र चौथी सीट म्हणजे चालकाशेजारी अर्धं बाहेर लटकणं. परवानगी तीनच प्रवाशांची असते, त्यामुळे ती नियमाबाहेरची.

मुंबईत ‘काळी-पिवळी’ म्हणजे मीटरची टॅक्सी. विदर्भ-मराठवाड्यात तोच शब्द शेअर जीपसाठी आहे, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अशा जीपला ‘वडाप’ म्हणतात. गोव्यात ‘पायलट’ला हाक मारली की विमान नाही, भाड्याची मोटारसायकल येते.

सगळ्यात महागात पडू शकतो तो ‘फास्ट’ हा शब्द. लोकलच्या भाषेत फास्ट म्हणजे जोरात धावणारी असं नव्हे, तर मधली स्टेशनं सोडणारी. कळवा, मुंब्रा, कोपर किंवा ठाकुर्लीला उतरायचं असेल आणि ठाण्याला घाईत फास्ट पकडली, तर तुमचं स्टेशन खिडकीतून बघत थेट पुढे जावं लागतं आणि उलट्या दिशेची स्लो शोधत परत यावं लागतं. ‘सेमी-फास्ट’ म्हणजे काही अंतर फास्ट, काही अंतर स्लो. त्यामुळे ती कुठपर्यंत फास्ट आहे, हे विचारायचं असतं.

कल्याणच्या पुढे तर एका अक्षरावर सगळं ठरतं. कल्याण, कसारा आणि कर्जत, तिन्ही ‘क’चे. इंग्रजी ‘के’ कल्याणनं घेतला. कल्याणहून निघणारे दोन फाटे रेल्वेच्या लेखी उत्तर-पूर्व आणि दक्षिण-पूर्व, म्हणून इंडिकेटरवर कसारा ‘एन’ आणि कर्जत ‘एस’. टिटवाळ्याला जाणारा ‘एस’मध्ये बसला, तर तो अंबरनाथ-बदलापूरकडे निघाला समजा. चूक कळली तर कल्याणलाच उतरायचं, कारण तिथून पुढे दोन्ही रूळ वेगळे होतात.

आणि फलाटावर कुणी ‘गाडी लागली’ म्हणालं, तर पळा, ती सुटायच्या बेतात असेल. घाटातल्या एसटीत कुणी म्हणालं ‘मला गाडी लागते’, तर त्याला खिडकीची जागा आणि एक पिशवी द्या.