फिन्स, रेडिएटर आणि गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल

पुण्याहून येणारा महामार्ग बंगळुरात शिरतो तो तुमकूर रस्त्याने, पीण्या आणि गोरगुंटेपाळ्या ओलांडून यशवंतपूरला. बेळगाव-कोल्हापूरकडून नोकरीसाठी इथे आलेला तरुण पहिली मोटारसायकल घेतो, तेव्हा त्याला तिच्याकडून दोन अगदी वेगळी कामं हवी असतात. रोज संध्याकाळी गोरगुंटेपाळ्याच्या कोंडीत मुंगीच्या पावलांनी सरकायचं आणि गणपतीला सहाशे किलोमीटर हाकत घर गाठायचं. मग शोरूममध्ये प्रश्न येतो, एअर-कूल्ड घ्यायची की लिक्विड-कूल्ड? उत्तरादाखल जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं.

‘एअर-कूल्ड म्हणजे जुनाट’

भारतात रोज कामावर जाणाऱ्या बहुतेक मोटारसायकली आजही वाऱ्यावरच थंड होतात. हीरो स्प्लेंडरचं ९७.२ सीसी इंजिन जेमतेम आठ अश्वशक्तीचं. एवढ्या इंजिनाची उष्णता सिलिंडरवरच्या फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, सहज बाहेर टाकतात. त्याला रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, पंखा आणि रबरी नळ्या जोडल्या तर किंमत आणि वजन वाढेल, ग्राहकाच्या हाती काहीच पडणार नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, तेव्हा ‘आता एअर-कूल्ड संपलं’ असं पुष्कळांनी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात त्याच वर्षी रॉयल एनफिल्डने मीटिऑरसाठी नवं ३४९ सीसी इंजिन आणलं आणि होंडाने सीबी३५०. दोन्हीच्या सिलिंडरवर फिन्सच. नव्याने आखलेल्या इंजिनांसाठी दोन मोठ्या कंपन्या हा मार्ग निवडतात, तेव्हा त्याला जुनाट म्हणणं चूक आहे. तिथे गिऱ्हाइकाला काय हवंय याचा हिशेब आहे.

‘लिक्विड-कूल्ड आहे म्हणूनच ताकद जास्त’

आकडे पाहिले तर तसं वाटतं खरं. चाकणला बनणारी केटीएम २०० ड्यूक २०१२ साली आली, दोनशे सीसीत पंचवीस अश्वशक्ती घेऊन. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मात्र ३४९ सीसीत वीसच्या आसपास थांबते. पण कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारा द्रव, ताकद निर्माण करत नाही, ताकद काढायची मोकळीक देतो. तापमान ठरावीक पट्ट्यात राहिलं की पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं, इंजिन जास्त फेऱ्यांवर पळवता येतं. एकाच कंपनीचं उदाहरण घ्या. रॉयल एनफिल्ड हिमालयनचं जुनं ४११ सीसी इंजिन हवा-ऑइलवर थंड व्हायचं आणि २४ अश्वशक्ती द्यायचं. २०२३ मध्ये आलेलं ४५२ सीसी लिक्विड-कूल्ड इंजिन चाळीस देतं, त्याचं कॉम्प्रेशन ११.५ ला १ आहे. ही झेप एकट्या रेडिएटरने घेतलेली नाही. दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह, सगळी रचनाच नवी आहे.

शिवाय कोंडीत उपयोगी पडतो तो टॉर्क. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क चार हजार फेऱ्यांवरच हाती येतो, ड्यूकचा सुमारे १९ मिळवायला आठ हजारांपर्यंत जावं लागतं. यशवंतपूरच्या सर्कलला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रेंगाळताना पहिली गाडी सुखाची वाटते, तुमकूर सोडल्यावर मोकळ्या महामार्गावर दुसरी.

‘रेडिएटरवाली गाडी तापत नाही’

उष्णता नाहीशी होत नाही, जागा बदलते. इंजिनातली उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत नेतो आणि गाडी उभी असली की पंखा तो गरम झोत बाहेर फेकतो. काही गाड्यांत तो थेट मांड्यांवर येतो, म्हणूनच लिक्विड-कूल्ड गाडीचे मालक सिग्नलला पाय बाहेर काढून बसलेले दिसतात. इंजिन मात्र त्या वेळी सुरक्षित असतं. एअर-कूल्डचं उलट आहे. वारा थांबला की फिन्सचं काम मंदावतं, उष्णता धातूत आणि ऑइलमध्ये साठत जाते. धडधाकट गाडी एवढ्याने सीज होत नाही, कारण इंजिन आयडलवर फारशी उष्णता निर्माण करत नाही आणि ही इंजिनं ते गृहीत धरूनच बनवलेली असतात. नासाडी होते ती ऑइल कमी असताना किंवा जुनं झालेलं असताना, आणि अर्धा क्लच दाबून तासभर सरकत राहिल्याने.

‘फिन्स दिसल्या म्हणजे एअर-कूल्ड’

हा गैरसमज मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाजार कसा चालतो ते यात दिसतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि येझदी बनल्या. टू-स्ट्रोक इंजिन, अंगभर फिन्स. बंगळुरात या गाड्यांवर जीव टाकणारे आजही आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला त्या दिमाखात रस्त्यावर येतात. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं ते २९३ सीसी लिक्विड-कूल्ड इंजिन घेऊन. तरी सिलिंडरवर फिन्स ठेवल्या आणि रेडिएटर फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये काळ्या रंगात दडवला. चाकणला बजाजकडे बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० (२०२३) तशीच. लिक्विड-कूल्ड, पण इंजिनावर फिन्स कोरलेल्या. ट्रायम्फने बॉनव्हिलला २०१६ मध्ये हेच केलं होतं.

याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही, माहितीपत्रकात सगळं लिहिलेलं असतं. फिन्सवाल्या इंजिनाची घडण डोळ्यांना कळते, आणि गिऱ्हाईक त्या दिसण्याला पैसे मोजतं. आवाजाचंही तसंच. सिलिंडरभोवती पाण्याचा थर असला की आतली खडखड दबते. एअर-कूल्ड इंजिनात ती ऐकू येते, शिवाय फिन्सही थरथरतात, म्हणून पुष्कळ गाड्यांत दोन फिन्सच्या मध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात.

‘ऑइल-कूल्ड म्हणजे लिक्विड-कूल्डच की’

नाही. तिथे वंगणाचं ऑइलच छोट्या कूलरमधून फिरवतात, सिलिंडरभोवती पाण्याचं जॅकेट नसतं. आपल्या शेजारच्या होसूरहून येणारी टीव्हीएस अपाचे आरटीआर २०० ४व्ही या जातीची. खर्च आणि ताकद दोन्ही मधल्या पायरीवर.

‘कूलंट थंड प्रदेशात लागतो, इथे साधं पाणी चालतं’

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटमधला ग्लायकॉल आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळून ती मर्यादा बरीच वर नेतात, शिवाय कूलंट ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवतो. बोअरवेलचं जड पाणी ओतलं तर क्षार साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. कंपनीने सांगितलेला कूलंट, सांगितलेल्या मुदतीत बदलायचा. पातळी पाहायची ती बाहेरच्या टाकीवरच्या खुणांवर, इंजिन थंड असताना. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडलं तर उकळता कूलंट दाबाने अंगावर येतो.

गाडी निवडताना टेस्ट राइड सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सहानंतर मागा, कोंडीत घाला, आणि पंखा सुरू झाल्यावर झोत कुठे लागतो ते गुडघ्याला विचारा.