मंगळावरचा पर्वत एवढा उंच का?

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात आपल्या पायाखाली असतो तो काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो बनला. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखीही बेसॉल्टचाच. उंची मात्र सुमारे २२ किलोमीटर, एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीचपट!

असे का? आपला भूखंड लाव्हाच्या उगमावरून उत्तरेकडे सरकत गेला. मंगळाचे कवच तसे सरकत नाही. म्हणून कोट्यवधी वर्षे एकाच जागी थरावर थर चढले. तिथले गुरुत्वाकर्षणही पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच, त्यामुळे एवढा उंच डोंगर टिकला.

वर्गासाठी आम्ही एक सोपा प्रयोग सुचवतो. पेटत्या मेणबत्तीचे मेण कागदावर ठिबकू द्या. कागद स्थिर ठेवला तर ढीग होतो, हळूहळू सरकवला तर ठिपक्यांची ओळ. कारण मुलांनाच सांगू द्या.