वायर भारी, पण जोड कच्चा

मंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा हॉलमधल्या साखरपुड्यात माईक करकरू लागला की पहिली आरोळी येते, "अरे, वायर बदला!" वायर बदलली जाते, तासभर बरं चालतं आणि करकर परत सुरू होते. बहुतेक वेळा वायर मधोमध तुटलेली नसतेच. दोष असतो टोकाला, म्हणजे जॅकच्या आत, डाग दिलेल्या जागी किंवा जिथे वायर सतत वाकते तिथे. पण आपला सगळा पैसा वायरीवर जातो आणि टोकं कुणी उघडून बघत नाही. ऑडिओ-व्हिडिओच्या जोडण्यांबद्दलचे कितीतरी गैरसमज याच सवयीतून आलेले आहेत.

घरापासूनच सुरुवात करू. "महागडी, सोन्याच्या पिनांची एचडीएमआय केबल लावली की चित्र जास्त स्वच्छ दिसतं" असं दुकानात सर्रास सांगितलं जातं. एचडीएमआयमधून जातो तो डिजिटल संदेश. तो नीट पोहोचला तर स्वस्त केबलमधलं चित्र आणि महाग केबलमधलं चित्र यांत काडीचा फरक नसतो. नीट पोहोचला नाही तर पडद्यावर ठिपके चमकतात, आवाज मधेच तुटतो किंवा चित्रच जातं. रंग फिके पडणं, चित्र धूसर होणं ही एचडीएमआय केबलच्या दोषाची लक्षणं नव्हेत. सोन्याच्या मुलाम्याचा खरा उपयोग पिना गंजू नयेत एवढाच आहे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तो जरूर होतो, पण चित्राशी त्याचा संबंध नाही.

केबल घेताना बघायची ती तिची क्षमता. 4के चित्र सेकंदाला 60 वेळा हवं असेल तर 18 गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' पुरते. 8के किंवा 4केमधल्या 120 हर्ट्‌झच्या गेमिंगसाठी 48 गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते. दुसरी गोष्ट लांबी. साध्या तांब्याच्या केबलवर चार-पाच मीटरच्या पुढे 4केचा भरवसा कमी होत जातो. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय वापरावी. तिची दोन टोकं सारखी नसतात. 'सोर्स' लिहिलेलं टोक सेटटॉप बॉक्सकडे आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीकडे लावायचं. उलट लावून "केबल खराब निघाली" म्हणत परत करणारे पुष्कळ आहेत.

घराचं काम चालू असतानाची चूक तर फारच महागात पडते. "भिंतीत पाइप टाकलाय, वायर नंतर ओढू" म्हणून 20 मिलिमीटरचा पाइप गाडला जातो. एचडीएमआयचा प्लग मोल्डिंगसकट साधारण तेवढाच रुंद असतो, तो त्यातून सरकणार कसा? पाइप चांगला रुंद घ्या, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचा बेंड घाला आणि ओढायला आत एक तार सोडून ठेवा. विजेच्या वायरी त्याच पाइपातून कधीही नेऊ नका.

डिशच्या केबलबद्दलही असंच. पावसाळ्यात चॅनेल गेले की दोष ढगांवर जातो. मुसळधार पावसात सिग्नल खरोखर पडतो, पण पाऊस थांबल्यावरही चॅनेल येत नसतील तर गच्चीवरचा एफ-कनेक्टर उघडून बघा. या केबलमधून नुसता सिग्नल जात नाही. डिशवरच्या एलएनबीला लागणारे 13 किंवा 18 व्होल्टही त्याच केबलमधून वर जातात. हाताने पिळून बसवलेल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की या विद्युतदाबामुळे तिथला धातू झपाट्याने गंजतो. कॉम्प्रेशन पद्धतीचा कनेक्टर बसवून घ्यावा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी ओघळून तिथूनच गळून जातं.

आता मंडपात येऊ. "वायर ती वायर, माईकची काय आणि स्पीकरची काय" हा समज कितीतरी चांगल्या स्पीकरांचा आवाज मारतो. माईकच्या वायरीतली एकेक तार साधारण 0.22 चौरस मिलिमीटरची असते. ती 30 मीटर लांबवर ठेवलेल्या 8 ओहमच्या स्पीकरला लावली, तर जाऊन-येऊन 60 मीटर तांब्याचा विरोध पावणेपाच ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे ॲम्प्लिफायरने दिलेल्या शक्तीतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा वायर तापवण्यात जातो. तेच अंतर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने नेलं तर नुकसान पाच टक्क्यांवर येतं. वायर घेताना टोक खरवडून बघा. वरून तांबं आणि आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे. त्याचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि चार वेळा वाकवलं की ते तुटतं.

माईकच्या वायरीत गोष्ट निराळी आहे. एक्सएलआरला, ज्याला आपल्याकडचे साउंडवाले 'कॅनन' म्हणतात, तीन पिना असतात. एक शील्डची, आणि दोन व तीन या आवाजाच्या. या दोन तारांतून एकच आवाज एकमेकांच्या उलट दिशेने जातो आणि मिक्सर त्यांतला फरक घेतो. वाटेत लाइटिंगच्या माळांचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. म्हणून ही वायर शंभर मीटरही बिनघोर नेता येते. पण कितीतरी ठिकाणी माईककडे कॅनन आणि ॲम्प्लिफायरकडे मोनो पी-38 जॅक लावलेला असतो. त्या जॅकमध्ये आवाजाची एक तार शील्डला जोडून टाकलेली असते आणि वजाबाकीचा सगळा फायदा संपतो. मग वायर कितीही जाड घ्या, भुणभुण येणारच.

आणि ती गुंडाळायची पद्धत! कार्यक्रम संपला की पोरं पंजा आणि कोपर यांभोवती भराभर वेटोळी घालतात. प्रत्येक वेढ्याला वायरीत एक पीळ भरतो. सहा महिन्यांत शील्डचे केसासारखे धागे जॅकजवळ तुटू लागतात. बरोबर पद्धत शिकायला दहा मिनिटं लागतात. पहिला वेढा सरळ घ्यायचा, दुसऱ्याला मनगट उलटं फिरवून वायर वेढ्याच्या आतल्या बाजूने घ्यायची, पुन्हा सरळ, पुन्हा उलटं. एका वेढ्याचा पीळ दुसरा काढतो. अशी वायर पुढच्या वेळी फेकली की गाठ न पडता सरळ उलगडते. बांधायला कापडी पट्टी घ्या, वायरीच्याच टोकाची गाठ मारू नका.

डाग देतानाही एक समज आड येतो, की सोल्डर जितकं जास्त तितका जोड पक्का. आधी पिन आणि तार तापवावी, मग सोल्डर टेकवावं. ते पाण्यासारखं पसरून चकाकलं पाहिजे. वर गोळा होऊन बसलं तर जोड कच्चा आहे. जॅकच्या आतली पकड वायरीच्या बाहेरच्या आवरणावर घट्ट बसवा, ओढ तिने सोसायची, डागाने नाही. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला मात्र सोल्डर लावू नये. ते दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि स्क्रू ढिला पडतो. काळ्या पडलेल्या पिना पॉलिश पेपरने घासल्या तर मुलामा जाऊन त्या आणखी लवकर काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात.

सगळ्यांत घातक गैरसमज वेगळाच आहे: "हम येतोय? प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक." हम, म्हणजे ती भुणभुण, जातोही, म्हणून ही युक्ती हातोहात पसरली आहे. पण ती पिन आवाजासाठी नसते, माणसासाठी असते. ॲम्प्लिफायरच्या आत फेजची तार पेटीला टेकली तर अर्थिंगमुळे प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. अर्थिंग नसेल तर ती पेटी 230 व्होल्टवर तशीच उभी राहते. शील्डमधून तोच करंट माईकच्या जाळीपर्यंत पोहोचतो, आणि त्या जाळीला गाणाऱ्याचे ओठ लागलेले असतात.

हम येतो तो बहुधा दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवरून चालवल्यामुळे. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो आणि तो शील्डमधून वाहू लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम थांबला तर कारण सापडलं. मग मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अथवा डीआय बॉक्स लावा. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त आवाजाच्या वायरीचं शील्ड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. मंडपाच्या मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवाच, कारण साधा एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना, शाळांच्या शिक्षकांना आणि साउंडवाल्या मित्रांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाआधी प्रत्येक ॲम्प्लिफायरचा प्लग काढून हातात घ्या आणि मल्टिमीटरने त्याची अर्थिंगची पिन पेटीच्या धातूला जोडलेली आहे का ते तपासा. जिथे पिन कापलेली दिसेल, तो प्लग त्याच दिवशी बदला.