नऊ ऑगस्ट : बऊर आणि लंडन

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, मावळातल्या बऊर गावाजवळ, 9 ऑगस्ट 2011 रोजी शेतकरी रस्त्यावर उतरले. पवना धरणाचं पाणी सुमारे 35 किलोमीटरच्या बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना होती. आजवर नदीपात्रातून वाहत जाणारं पाणी नळात गेलं, तर काठच्या शेतीचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. वाहतूक अडली, दगड आले, लाठीमार झाला आणि मग गोळ्या सुटल्या. तीन शेतकरी मारले गेले. त्यांत एक बाई होती.

त्याच रात्री लंडनमध्ये सोळा हजार पोलीस रस्त्यावर उभे होते. पाच दिवस आधी, 4 ऑगस्टला, तिथल्या टॉटनहॅम भागात सशस्त्र पोलिसांच्या गोळीने मार्क डगन हा 29 वर्षांचा तरुण मेला होता. दोनच दिवसांत शहर पेटलं. दुकानं लुटली गेली, घरं जळाली, आग इतर शहरांतही पसरली. तरीही त्या जमावांवर पोलिसांनी बंदूक चालवली नाही. प्लॅस्टिकच्या गोळ्यांना परवानगी मिळाली होती, पण त्याही वापरल्या गेल्या नाहीत.

एका तारखेच्या या दोन प्रसंगांमधला फरक इंग्रज शांत आणि आपण तापट अशा समजुतीने सुटत नाही. हा फरक पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी मुद्दाम घडवला गेला, आणि दोन्हीकडची घडी बसवणारे राज्यकर्ते एकच होते.

रॉबर्ट पील यांनी 1829 मध्ये लंडनचं पोलीस दल उभारलं, तेव्हा लोकांना धास्ती होती ती सैन्याची. म्हणून शिपायाला सैनिकाच्या लाल डगल्याऐवजी निळा कोट दिला. हातात लाकडी दंडुका आणि मदतीला बोलवायला खुळखुळा, एवढीच त्याची सामग्री. पण आयर्लंडमध्ये त्याच पील यांच्या कारकिर्दीपासून जे पोलीस दल आकाराला आलं, ते बराकीत राहणारं आणि बंदूक बाळगणारं होतं. घरच्या माणसांसाठी एक पोलीस आणि ताब्यात ठेवायच्या मुलखासाठी दुसरा, अशी ही वाटणी होती.

आपल्याकडे आला तो दुसरा. सर चार्ल्स नेपियर यांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि तिथे आयरिश धर्तीचं पोलीस दल बसवलं. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांना ती व्यवस्था पसंत पडली आणि 1853 मध्ये इलाख्यातल्या प्रत्येक जिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट मिळाला. तोवर मावळात, खेडमध्ये गावाची राखण पाटील, जागले आणि रामोशी करत. ती गावाला उत्तर देणारी माणसं होती. नवा शिपाई उत्तर देणार होता वरच्या साहेबाला.

या शिपायाच्या हाती काय द्यायचं, याचाही विचार झाला होता. विसाव्या शतकात हिंदुस्थानी पोलिसांसाठी ली-एन्फिल्ड रायफलीचं रूप बदलून .410 मस्केट बनवली गेली : गुळगुळीत नळीची, एका वेळी एकच बार काढणारी, थोड्या पल्ल्याची. तिची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. 1869 पासूनचा हा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या अगदी शेजारी, दापोडीचा पूल ओलांडला की पलीकडे. जुन्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरं दिसली की ती खडकीची, हे शस्त्रांचे जाणकार जगात कुठेही ओळखतात.

इंग्लंडमध्येही पोलिसाने बंदूक कधीच धरली नाही, असं मुळीच नाही. 1880 च्या दशकात घरफोड्यांच्या गोळ्यांनी शिपाई मरू लागले, तेव्हा लंडनच्या बाहेरच्या भागांत रात्रपाळीला रिव्हॉल्व्हर मागून घेता येई. तरी 23 जानेवारी 1909 ला टॉटनहॅममध्येच (हे गाव या इतिहासात पुन्हा पुन्हा येतं) दोघांनी रबर कारखान्याच्या कामगारांचा पगार लुटला, तेव्हा चौकीतल्या शस्त्रांच्या कपाटाची किल्लीच सापडेना. कपाट फोडावं लागलं. पोलिसांनी रस्त्यावरच्या लोकांकडून पिस्तुलं मागून घेतली आणि सुमारे दोन तास पाठलाग चालला. त्यात एक पोलीस आणि दहा वर्षांचा एक मुलगा गेला.

ऑगस्ट 1966 मध्ये पश्चिम लंडनमध्ये तीन पोलिसांना भरदिवसा गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यानंतर महानगर पोलिसांत स्वतंत्र शस्त्र विभाग उभा राहिला. 1987 मध्ये हंगरफोर्ड या छोट्या गावात एका माथेफिरूने 16 जणांना मारलं. शस्त्रधारी पोलीस पोचायला फार वेळ लागला होता. 1991 पासून लंडनमध्ये सशस्त्र गस्तीच्या गाड्या फिरू लागल्या त्या या अनुभवातून. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये शस्त्रपरवाना असलेले पोलीस सहा हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे पंचवीस पोलिसांमागे जेमतेम एक. वर्षाला सतरा-अठरा हजार कारवायांत ते शस्त्रानिशी जातात, पण गोळी सुटते ती मोजक्याच वेळा. सर्वांना बंदुका द्या, असं खुद्द पोलिसांनाही वाटत नाही. 2006 मध्ये त्यांच्या संघटनेने सदस्यांना विचारलं, तेव्हा 82 टक्क्यांनी नको म्हटलं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी मात्र वारशात आलेली घडी फारशी मोडली नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पुढे त्या लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. 1951 च्या कायद्याने बांधलेलं राज्य राखीव पोलीस दल, लोकांच्या तोंडची ‘एसआरपी’, बराकीत राहणारं आणि हुकूम येताच ट्रकमधून उतरणारं. पुण्याजवळ रामटेकडी आणि दौंड ही त्याची मोठी ठाणी. सप्टेंबर 1989 मध्ये टेल्कोचे संपकरी कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. मध्यरात्रीनंतर याच दलाने वेढा घालून हजारोंना गाड्यांत भरून नेलं. संप मोडला, पण गोळी चालली नाही. पिंपरीच्या जुन्या कामगारांच्या मनात ती रात्र अजून आहे. वेदना तशीच राहिली तरी त्या रात्री गेलेले सगळे घरी परतले, ही गोष्ट लहान नाही.

30 जुलै 2018 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बस पेटल्या आणि जमावबंदी लागू झाली. सोळा दिवसांनी, 15 ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि तोवर ग्रामीण पोलिसांकडे असलेलं चाकण त्यात आलं. लाखो कामगारांच्या या पट्ट्याला जवळचा पोलीस हवाच होता.

खरा फरक दिसतो तो गोळी सुटल्यानंतर. ब्रिटनमध्ये गोळी झाडणारा पोलीस स्वतःच्या निर्णयाला स्वतः जबाबदार असतो, ‘वरून हुकूम होता’ हे उत्तर पुरत नाही. पोलिसाच्या गोळीने कुणी मेलं की पोलीस खात्याबाहेरची स्वतंत्र संस्था तपास करते. डगन प्रकरणी 2014 मध्ये ज्यूरीने बहुमताने हत्या कायदेशीर ठरवली. कुटुंबाला ते पटलं नाही, पण त्या पोलिसाला ज्यूरीसमोर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. उलट बाजूही आहे. 2022 मध्ये क्रिस काबा या तरुणाला गोळी घालणाऱ्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवल्याचं 2023 मध्ये जाहीर होताच लंडनच्या अनेक शस्त्रधाऱ्यांनी परवाने परत केले. 2024 मध्ये तो निर्दोष सुटला.

आपल्याकडे जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख देतो, आणि सद्‌हेतूने कारवाई केलेल्या पोलिसावर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतली 132 व्या कलमाची ही तरतूद 2024 पासूनच्या नव्या संहितेतही कायम आहे. बऊरनंतर निवृत्त न्यायाधीश एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला, जलवाहिनीला स्थगिती मिळाली. 2023 मध्ये राज्य सरकारने ती स्थगिती उठवली. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी आजही नदीतून येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उपसलं जातं.