पत्रे वाटता वाटता गाणी रचणारा पोस्टमन

गाणे रचायला मोठी विद्या लागते, असा आपल्या पुष्कळ मुलांचा समज असतो. त्यांना आम्ही अमेरिकेतील जॉन प्राईन या गायक-कवीची हकीकत सांगू इच्छितो.

प्राईन यांचा जन्म १९४६ साली शिकागोजवळील मेवूड गावी झाला. आईवडील मूळचे केंटकी राज्यातले. थोरल्या भावाने त्यांना गिटार शिकविली. लष्करातली नोकरी संपवून ते पोस्टमन झाले आणि घरोघर पत्रे टाकताना मनात गाणी जुळवू लागले. १९७० साली रॉजर इबर्ट या चित्रपट-समीक्षकाने त्यांचे गाणे ऐकून वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यांचे नाव झाले. १९७१ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

तिच्यातली माणसे साधीच आहेत. एक व्हिएतनामच्या लढाईतून व्यसन घेऊन परतलेला शिपाई, तर एक म्हातारे, एकाकी जोडपे. लहानपणी प्राईन वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे पोहोचवीत, तेव्हाचे ते एकाकीपण त्यांच्या लक्षात राहिले होते.

‘पॅरडाईज’ हे गाणे त्यांनी वडिलांसाठी रचले. केंटकीत ग्रीन नदीकाठी याच नावाचे गाव होते. कोळशाच्या खाणींनी तो मुलूख उकरला, शेजारी वीजकेंद्र उभे राहिले आणि १९६७ साली गाव पाडले गेले. गाव गेले, पण गाण्यात राहिले.

१९९८ साली प्राईन यांना मानेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर आवाज घोगरा झाला, खाली उतरला. गायकाला याहून मोठे संकट कोणते? पण त्यांनी आपली गाणी खालच्या पट्टीत बसविली आणि ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. २००५ सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ७ एप्रिल २०२० रोजी कोविडने त्यांचे निधन झाले. त्यांची काही रक्षा ग्रीन नदीत सोडण्यात आली.

आपल्यापैकी बहुतेकांनी पणजोबांचे गाव पाहिलेले नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव, एखादी आठवण, एखादे गाणे अजून असेल. मुलांनो, या रविवारी आजीजवळ बसा, तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. गाणे पुढे कधीतरी सुचेल. आजीला मात्र आजच विचारले पाहिजे.